पांढरे कॅनव्हासचे बूट

इचलकरंजी,
दि. ९ जून

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. नोकरी सोडून वस्तीतल्या मुलांना रोज संध्याकाळी व्हायोलिन शिकवण्याचा निर्णय तू त्यात कळवलास, आणि अगदी शेवटच्या ओळीत विचारलेस की, ज्यांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची भ्रांत आहे त्यांच्या हाती व्हायोलिन देणे हा वेडेपणा तर नाही ना? याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देऊन मोकळे व्हावे, असे मला वाटले नाही. गरीब मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकवणाऱ्या व्हेनेझुएलाच्या ‘एल सिस्टेमा’ या उपक्रमाचा तू दाखला दिला होतास. त्याविषयी जे हाती लागले ते मी या दिवसांत वाचून काढले, चित्रफिती पाहिल्या, आणि वाचता वाचता माझ्या लहानपणीची एक गोष्ट वर आली, जी मी तुलाच काय, तुझ्या आईलाही कधी सांगितलेली नाही. म्हणून पत्र थोडे लांबेल.

‘एल सिस्टेमा’ सुरू करणारे होसे अँटोनियो आब्रेउ हे अर्थशास्त्रज्ञ होते आणि संगीतकारही. १९७५ साली कराकासमधल्या एका गॅरेजात त्यांनी तरुण वादकांच्या वाद्यवृंदाची पहिली तालीम ठेवली. स्वरलिपीचे कागद ठेवायला देणगीत मिळालेले पन्नास स्टँड तयार होते. मुले आली अकरा. काम बंद करावे की या अकरांचे अनेक करावेत, असा प्रश्न त्या दिवशी आपल्यापुढे उभा राहिला, असे आब्रेउंनी पुढे सांगितले आहे. ते थांबले नाहीत. तेलाच्या पैशाने भरभराटलेल्या त्या देशाच्या राजधानीभोवती टेकड्यांवर विटांच्या आणि पत्र्यांच्या वस्त्या पसरलेल्या होत्या, आणि आब्रेउंनी शासनाकडे हात पसरला तो त्या वस्त्यांतल्या मुलांच्या नावाने. कलाखात्याच्या तुटपुंज्या तरतुदीवर विसंबण्याऐवजी समाजकल्याण पाहणाऱ्या खात्यांच्या दारात जाण्याची ही दृष्टी अर्थशास्त्रज्ञाचीच म्हटली पाहिजे. त्यामुळे वेगवेगळ्या विचारांची सरकारे आली आणि गेली, तरी काम चालू राहिले. २००७ साली तर आंतर-अमेरिकन विकास बँकेने त्यासाठी १५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले; विकास बँका रस्त्यांना आणि धरणांना कर्ज देतात एवढेच मला ठाऊक होते.

या वर्गांची रीत मात्र तुझ्या उपयोगाची आहे. मूल शाळा सुटल्यावर केंद्रात येते, तेही आठवड्यातून एकदा नव्हे, जवळजवळ रोज, आणि तीन-चार तास तिथे असते. वाद्य केंद्राचे. फी नाही. पहिल्या दिवसापासून मूल इतरांच्या बरोबरीने वाजवते; आधी दोन वर्षे एकट्याने बोटे घासा आणि मग वृंदात या, असा प्रकार नाही. ज्याला चार स्वर येतात तो एकच स्वर येणाऱ्याला शिकवतो. अगदी लहान मुलांसाठी कागदाचा वाद्यवृंद असतो. पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांची व्हायोलिने आणि चेलो मुले आईबापांच्या मदतीने बनवतात, रंगवतात, आणि खरे वाद्य हाती येण्याआधी खुर्चीत बसावे कसे, वाद्य हनुवटीखाली धरावे कसे, गज पेलावा कसा, हे त्या मुक्या वाद्यांवर शिकतात. एका चित्रफितीत पाचेक वर्षांची मुलगी पुठ्ठ्याचे व्हायोलिन मांडीवर उभे धरून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. शेजारचा मुलगा चुळबुळ करत होता, आणि ती त्याच्याकडे एकदा करड्या नजरेने बघून पुन्हा समोर बघू लागली. आवाज न काढणाऱ्या त्या वाद्याची जबाबदारी तिने किती मनावर घेतली होती, हे पाहून मी ती फीत पुन्हा लावली.

यातून बाहेर पडलेली दोन नावे सगळीकडे सांगितली जातात. बार्किसिमेतो गावचा गुस्ताव्हो दुदामेल २००९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा संगीत दिग्दर्शक झाला. कराकासचा एदिक्सन रुईस सुपरमार्केटात गिऱ्हाइकांचे सामान पिशव्यांत भरून आईच्या संसाराला हातभार लावत असे. तो डबल बास हे मोठे तंतुवाद्य शिकला आणि सतराव्या वर्षी बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात दाखल झाला. ही उदाहरणे खरी आहेत आणि मोठी आहेत, पण तू त्यांच्या मागे लागू नयेस, असे मला मनापासून वाटते. लाखो मुलांतून एखादाच बर्लिनला जातो. मला बाकीच्यांची काळजी आहे, जे पुढे नळजोडणी करतील, परिचारिका होतील, दुकान चालवतील. आब्रेउंचे म्हणणे असे की, भाकरी आणि छप्पर नसण्याहूनही आपण कोणीच नाही ही भावना गरिबाला अधिक पोखरते. बाराजणांच्या ओळीत तिसऱ्या खुर्चीवरचे मूल आले नाही तर तालीम अडते, आणि हे त्या मुलाला कळते. उरलेले सारे त्यानंतरचे आहे.

आता तुला जो आकडा सांगतो तो नीट लक्षात ठेव. त्याच विकास बँकेने या वर्गांचा अभ्यास करवला. सोळा केंद्रांतली, ६ ते १४ वर्षांची २,९१४ मुले घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने काहींना आधी आणि काहींना वर्षभराने प्रवेश दिला, आणि २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रवेश मिळालेल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा वाढला आणि वर्तनाच्या तक्रारी कमी झाल्या. ज्यांच्या आया कमी शिकलेल्या होत्या त्यांच्यात, आणि हिंसा जवळून पाहिलेल्या मुलग्यांत, हा फरक अधिक होता. म्हणजे तुझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच मिळते, वेडेपणा नाही. परंतु त्याच अभ्यासात असेही आढळले की, ज्या प्रांतांत ही केंद्रे होती तिथे गरिबीचे प्रमाण ४६.५ टक्के असताना, वर्गाला आलेल्या मुलांत ते केवळ १६.७ टक्के होते. दार उघडे होते, फी नव्हती, वाद्य फुकट होते, आणि तरीही ज्यांच्यासाठी हे सारे मांडले होते त्यांच्यातली बरीच मुले दारापर्यंत आलीच नाहीत.

हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. मला वाटले नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले.

आब्रेउंनी गॅरेजात तालीम घेतली त्या वर्षी मी सातवीत होतो. तुझे आजोबा दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवीत आणि आजी कांड्या भरी. आमच्या शाळेत बँड पथक होते आणि त्यात मुले निवडण्यासाठी सरांनी बाकावर ताल धरून दाखवायला सांगितला. जन्मापासून धोट्याचा ठेका कानात असलेल्या मुलाला त्यात अवघड ते काय! माझी साइड ड्रमसाठी निवड झाली. ड्रम शाळेचा, काठ्या शाळेच्या, शिकवणे फुकट. पंधरा दिवस मी सुटीत आणि शाळा सुटल्यावर वाजवत होतो, आणि घरी जेवणाच्या ताटावर बोटे वाजवल्याबद्दल आजीची बोलणी खात होतो. पंधरा ऑगस्टच्या आठ दिवस आधी सूचना आली की, संचलनाला प्रत्येकाने पांढरे कॅनव्हासचे बूट घालून यावे. त्या आठवड्यात घरी बूट येण्यासारखे नव्हते. आजोबांचा पगार उधारीतच वळता झाला होता. मी घरी विचारलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले की मला ड्रम आवडत नाही. सरांनी मान डोलावली आणि काठ्या माझ्या शेजारच्या मुलाच्या हातात दिल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पंधरा दिवस आनंदाने वाजवणारा मुलगा एका रात्रीत का कंटाळला, हा प्रश्न त्यांना पडला नाही, इतकेच. संचलनाच्या दिवशी मी अनवाणी पायांनी रस्त्याच्या कडेला उभा राहून ते पाहिले आणि कुठे ठेका चुकतो आहे तेही मला कळत होते.

म्हणून, मृण्मयी, वर्ग विनामूल्य ठेवला म्हणजे तो गरिबाला परवडतो, असे धरून चालू नकोस. रिक्षाचे किंवा बसचे भाडे लागते. संध्याकाळचे पाच ते आठ या वेळात कोणाच्या घरी पाणी येते, कोणाला धाकट्या भावाला सांभाळायचे असते, कोणाची आई चार घरची कामे आटोपून येईपर्यंत चूल पेटवायची असते; आणि हे सगळे बहुतेक करून मुलींच्या वाट्याला येते. धाकट्या भावंडांना घेऊन या, असे तूच आधी सांग. त्यांच्यासाठी एक सतरंजी आणि पुठ्ठ्याची वाद्ये ठेव. भूक लागलेल्या मुलाचा हात गज धरताना थरथरतो, तेव्हा आधी शेंगदाण्याची चिक्की किंवा केळे द्यावे. सराव घरून करून आणायला सांगू नकोस. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे राहतात, रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला असतो, तिथे स्वर कुठे लावणार? कराकासची मुले रोज तीन-तीन तास केंद्रातच का वाजवतात, याचे मर्म मला हे लिहिताना उमगले: घरी जे शक्य नाही ते केंद्राने पुरवले पाहिजे. पाव आणि अर्ध्या मापाची व्हायोलिने, गजाला लावायची राळ, जादा तारा, हे सगळे कपाटात कुलपात राहू दे. गळक्या छपराखाली ती टिकणार नाहीत, आणि फुटली तर मूल भरपाईच्या भीतीने यायचे बंद होईल. आणि कोणी अचानक येईनासे झाले, किंवा ‘आवडत नाही’ म्हणाले, तर त्या शब्दांवर विश्वास न ठेवता त्याच दिवशी त्याच्या घरी जा.

कोणी म्हणेल की परक्यांचे वाद्य आपल्या मुलांच्या गळ्यात कशाला? त्याला गोव्याकडे बोट दाखव. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून खेड्यातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हेतू धार्मिक होता, चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसे हवी होती. पण त्या विद्येच्या जोरावर कितीतरी गोवेकर मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी पोट भरले आणि घरे उभी केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. पडद्यावर त्या वादकांची नावे सहसा येत नसत, याची खंत वाटते, तरी हा मार्ग आपल्या माणसांनी चालून दाखवलेला आहे. आजही पणजीत डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली सुरू केलेले चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन वंचित मुलांना पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत शिकवते. एकदा जाऊन त्यांचे काम बघून ये.

आणखी एक गोष्ट. वाद्यवृंदांनी व्हेनेझुएलाची गरिबी हटवली नाही. अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा शिकलेले कितीतरी वादक देश सोडून गेले. २०१७ च्या निदर्शनांत या वर्गांतून घडलेला व्हायोला वाजवणारा एक तरुण मारला गेला. त्यानंतर दुदामेलने सरकारविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली आणि त्याच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाचा दौरा रद्द झाला. सत्तेने या मुलांना आपल्या वैभवाची शोभा म्हणून वापरले, आणि आत शिस्त कडक असून प्रश्न विचारायला जागा कमी असते, असे अभ्यासकांनी लिहिले आहे. मला ही टीका रास्त वाटते. देणगीदार आले की मुलांना रांगेत उभे करून ‘ही पाहा झोपडपट्टीतली मुले’ असे कधी होऊ देऊ नकोस. ती तुझी विद्यार्थी आहेत, एवढीच ओळख पुरे.

तुझ्या आईला पत्र वाचून दाखवले. बुटांचा मजकूर आला तेव्हा ती काही बोलली नाही. उठून चहा ठेवायला गेली, आणि मग म्हणाली की पोरीला कळव, घरखर्चाची चिंता करू नकोस. माझ्या निवृत्तिवेतनातून मी दरमहा तीन हजार रुपये पाठवीन. ते वाद्यांसाठी नाहीत. वाद्यांना देणगी देणारे भेटतात. ते भाडे, केळी आणि अशाच बारीकसारीक गोष्टींसाठी आहेत. मुलांचा पहिला कार्यक्रम ठरला की काय घालायचे ते त्यांना सांगण्याआधी मला फोन कर, आणि सगळ्यांच्या पायांची मापे लिहून पाठव.

तुझे बाबा