दिवाळीचे रंगकाम आणि भिंतीवरचे जुने शिसे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाऊस ओसरला की घराघरांत रंगकाम निघते आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रंगारी मिळणे अवघड होऊन बसते. कोणती छटा घ्यावी, डिस्टेंपर लावावा की प्लास्टिक रंग, यावर घरोघरी पुष्कळ खल होतो. परंतु नवा रंग चढवण्याआधी जुना खरवडताना जी धूळ उडते, तिच्याविषयी मी क्वचितच कोणाला बोलताना ऐकले आहे. हे पत्र त्या धुळीविषयी आहे.

गेल्या वर्षी आम्ही घरातील मधली खोली रंगवायला काढली. घर १९६८ सालचे. भिंतींना कमरेच्या उंचीपर्यंत हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, दारे-खिडक्यांच्या चौकटींनाही तोच रंग आणि त्यावर वेळोवेळी चढलेले थर. रंगारी कामात चोख होते. त्यांनी पत्र्याने पोपडे काढले आणि कोरड्या काचकागदाने भिंत घासायला घेतली. दोन तासांत पिठासारखी बारीक पूड स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत पोहोचली. त्याच घरात माझी दहा महिन्यांची नात फरशीवर रांगत होती आणि तेच हात तोंडात घालत होती. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, तरी ती पूड कशाची असू शकते हे ध्यानात येऊन काम थांबवायला मला दुपार उजाडली, ही खंत अजून मनातून गेलेली नाही.

जुन्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. सफेता हे पांढरे रंगद्रव्य म्हणजे शिशाचेच संयुग, शेंदरी रंगाचे लोखंडावरील अस्तरही शिशाचे. पिवळ्या आणि नारिंगी छटांसाठी लेड क्रोमेट वापरत आणि त्यात निळा मिसळून हिरवा करीत. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाचे क्षार घालत. भिंतीवर घट्ट बसलेला थर फारसा त्रास देत नाही. घासला की त्याची पूड होते आणि ती श्वासातून व तोंडावाटे पोटात जाते. शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते आणि हाडांत साठवून ठेवते. लहान मुलांचे शरीर पोटात गेलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट प्रमाणात शोषून घेते, आणि त्याचा घाला पडतो तो वाढत्या मेंदूवर. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

केंद्र सरकारने २०१६ साली घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबत नियम केले. १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे एका किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा, अधिक शिसे असलेला असा रंग बनवण्यास मनाई आहे. हा निर्णय स्वागतार्हच होता. मात्र तो नव्या डब्याला लागू होतो. त्याआधीची पन्नास-साठ वर्षे आपल्या वाड्यांच्या, चाळींच्या आणि सरकारी वसाहतींच्या भिंतींवर जे थर चढले, ते तेथेच आहेत आणि दर रंगकामात थोडे थोडे घरात मोकळे होतात.

म्हणून जुना ऑइलपेंट शिशाचाच आहे असे धरून चालावे, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. थर शाबूत असेल तर तो मुळापर्यंत खरवडू नये. साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून त्यावर अस्तर द्यावे. घासणे अटळच असेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून वॉटर पेपरने घासावा. त्यापूर्वी त्या भिंतीवरील विजेचा प्रवाह बंद करावा. ज्योतीने रंग जाळून काढण्याची पद्धत तर कटाक्षाने टाळावी, कारण तिच्यामुळे शिशाचा धूर होतो. खोलीतील सामान हलवावे, फरशीवर प्लास्टिक अंथरावे, दाराला ओला पडदा लावावा आणि शेवटी केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसून घ्यावे. काम संपेपर्यंत लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी त्या घरात राहू नये. याने एखादा दिवस वाढतो आणि मजुरीही थोडी वाढते. ती आनंदाने द्यावी.

रंगाऱ्यांविषयी वेगळे लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या घरात ही धूळ दोन दिवस असते, त्यांच्या छातीत ती वर्षानुवर्षे जाते. नाकाला बांधलेला रुमाल तिला अडवत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा, बारीक धुळीसाठीचा मास्क लागतो आणि तो काम देणाऱ्याने पुरवावा. जेवणापूर्वी साबणाने हात-तोंड धुण्याची आणि कामाचे कपडे बदलून जाण्याची सोय त्यांना आपल्या घरी मिळाली पाहिजे, कारण त्याच कपड्यांबरोबर ती पूड त्यांच्या मुलांपर्यंत जाते.

रंगाच्या दुकानांत छटांचे कॅटलॉग हौसेने हाती दिले जातात. त्यासोबत या दक्षतेचे मराठीतील एक पानी पत्रक देण्याची व्यवस्था राज्याच्या आरोग्य विभागाने करावी आणि गृहनिर्माण संस्थांनी रंगकामाला परवानगी देताना कोरडे घासकाम न करण्याची अट घालावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकाने नवरात्रापूर्वी हा विषय छापला, तर यंदाची घासकामे सुरू होण्याआधी तो घरोघरी पोहोचेल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा