बाळू, बंदूक पार्सलनं येत नाही

जांबोटी, ता. खानापूर
रविवार, रात्री

प्रिय बाळू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलास आणि मी दोन्हीला "बघू की" म्हणून फोन ठेवला. रेंज नव्हती हे खरं, पण आक्का शेजारीच तांदूळ निवडत बसली होती हे जास्त खरं. बंदुकीचं नाव काढलं की तिचा हात आपसूक कपाळाला जातो. आता ती झोपलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं. माझी बंदूक घेऊन दोन रात्री तुझ्या उसात राखणीला येशील काय म्हणालास. नाही येणार. राग मानू नको. तुझ्याकडं उतरणारे गवे आमच्याच रानातून येतात, आणि त्यांना शिनोळीची महाराष्ट्र-कर्नाटक हद्द कोणी विचारत नाही. मला विचारतात. माझ्या लायसन्सच्या पुस्तकात क्षेत्राच्या रकान्यात फक्त कर्नाटक राज्य लिहिलंय. हद्द ओलांडून चार पावलं टाकली की अण्णांच्या हातची तीच बंदूक माझ्या हातात बेकायदा होते. अख्ख्या देशाचं लायसन्स करून मिळतं, पण त्याला कारण पटवावं लागतं, आणि "चंदगडच्या मित्राचा ऊस" हे कारण घेऊन साहेबांपुढं उभं राहायचं धाडस माझ्यात नाही. १९५६ पासून सीमाप्रश्न ऐकतोय आपण. माझ्यापुरता तो या एका रकान्यात येऊन बसलाय.

दुसरं, तू पाठवलेली ती लिंक. बघितली. रिव्हॉल्व्हर, पिस्तूल, बारा बोअर, सगळ्याचे फोटो, खाली किमती, आणि वर ठळक अक्षरात "घरपोच, लायसन्स आम्हीच काढून देतो". बाळू, हे शेवटचं वाक्य वाचलंस तिथंच फोन पालथा टाकायला हवा होतास. आपल्याकडं १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि २०१६ चे नियम आहेत. त्यात लायसन्स देतो तो जिल्हाधिकारी, किंवा कमिशनर असेल तिथं कमिशनर. दुकानदाराचं काम त्याच्या नंतर सुरू होतं. त्यानं तुझं मूळ लायसन्स हातात घेऊन बघायचं, बंदुकीचा नंबर तुझ्या पुस्तकात आणि त्याच्या रजिस्टरात चढवायचा, मग माल द्यायचा. पैसे तू ऑनलाइन भर नाहीतर पिशवीतून मोजून दे, हा कागद चुकत नाही. आणि बिनलायसन्सची बंदूक घरात सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आत. ऊस गव्यानं खाल्ला तर एका हंगामाचा जातो.

तुला एवढं ठासून सांगतोय, कारण मी स्वतः फसलोय. ही गोष्ट घरी माहीत नाही, तुलाच पहिल्यांदा लिहितोय. गेल्या पावसाळ्याआधी काडतुसं संपत आली होती. बेळगावला जायचं, दुकानात मूळ पुस्तक दाखवायचं, किती घेतली ते लिहून घ्यायचं, एक दिवस मोडतो. भाताचे तरवे टाकायचे दिवस. अशात मोबाइलवर एक जाहिरात आली, पंचवीस काडतुसांचा डबा घरपोच. मला वाटलं, लायसन्स तर आहेच की आपल्याकडं, मग काय बिघडलं? साडेतीन हजार पाठवले. दुसऱ्या दिवशी फोन, हिंदीत, भारी आदबशीर: "सर, माल चेकपोस्टवर अडकलाय, परवाना शुल्क चार हजार भरा, डिलिव्हरीला परत मिळतील." तेही भरले! तिसऱ्यांदा विमा म्हणाला तेव्हा डोळे उघडले. १९३० या सायबर नंबरवर तक्रार केली, पावती नंबर मिळाला, पैसे नाही मिळाले. त्या भामट्याला माझ्या लायसन्सचा फोटोही गेलाय, त्याचीच जास्त रुखरुख आहे. एवढी वर्षं पुस्तक सांभाळलेला माणूस मी, आणि कंटाळ्यापोटी असा गंडलो.

मग ऑनलाइन काहीच मिळत नाही असं नाही. पट्टा, खोळ, नळी साफ करायची सळई, ब्रश, तेल, कानाला लावायची झाकणं, हे सगळं उघड मिळतं आणि त्याला लायसन्स लागत नाही. पण आवाज दाबायची नळी कोणी दाखवली तर हात लावू नको. कायद्याच्या व्याख्येतच ती बंदुकीत धरलीय, म्हणजे नुसती ती कपाटात असली तरी बंदूक ठेवल्यासारखंच. एअरगनही येते. साडेचार मिलिमीटरची, ज्याला पॉइंट एकशे सत्त्याहत्तर म्हणतात ती, २० ज्यूलच्या आतली असेल तर लायसन्स नको. मी पुतण्यासाठी घेतली, आधारची प्रत मागितली आणि आठ दिवसांत कुरिअरनं आली. परड्यात गोड्या तेलाचे रिकामे डबे टांगून नेम धरायला झकास. गव्याला मात्र ती म्हणजे गोमाशी. उगाच छर्रा रुतून चिडायचा, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला इजा केलीस की ती केस वेगळीच. मीसुद्धा बंदुकीचा आवाजच करतो, अंगावर नाही.

सळईवरून आठवलं. मीही एक ब्रश मागवला होता, साइटवर "बारा बोअर" लिहिलेलं. बारा बोअर म्हणजे काय ते अण्णा शिकवायचे: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या, त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसते ती बारा बोअर. म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास, आपला अंगठा जाईल एवढी. पार्सल फोडलं तर आत पितळेचा ब्रश, कान कोरायच्या काडीएवढा! नळीत घातला तर आरपार खाली पडला आणि खळ्यातल्या कोंबड्या उधळल्या. शेवटी अण्णांचीच रीत. वेताची काठी, तिच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी, खोबरेल तेल. पहिली चिंधी काळी येते, दुसरी तांबूस, तिसरी जवळजवळ कोरी. कणकुंबीकडून पाऊस लागला की इथं आठ-आठ दिवस ऊन नसतं, भिंतीसुद्धा घामेजतात. तेव्हा आठवड्याला एकदा हे करावंच लागतं, नाहीतर नळीत तांबेरा धरतो.

तांबेऱ्याचं सगळ्यात मोठं कारण निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ च्या लोकसभेला ७ मेला आपल्या दोघांकडंही मतदान होतं, आठवतं ना? माझी बंदूक त्याआधीच गेली आणि निकाल लागल्यावर जूनमध्ये परत आली, दस्त्याला खडूनं नंबर आणि घोड्यावर गंज घेऊन. तोवर रानडुकरांनी भुईमुगाचा बंदोबस्त केला होता. लायसन्स म्हणजे हेही आलं, असं समजूनच अर्ज कर.

आणि अर्ज कर, नाही म्हणत नाही मी. तुला कोल्हापूरला जिल्हाधिकारी कार्यालयात करावा लागेल, नमुना ए-१ मध्ये. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक किंवा वीस इंच किंवा त्याहून लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, एवढंच माग. रिव्हॉल्व्हरचं स्वप्न सोड, तुझ्या उसात कोणाला दाखवणार आहेस तू ते? सातबारा, नुकसानीचे पंचनामे, डॉक्टरचा दाखला (मनाचाही तपासतात, तुझं कसं व्हायचं देव जाणे), बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, आणि घरात कुलपात कुठं ठेवणार ते. मग पोलीस चौकशी. शेजाऱ्याशी बांधाची भांडणं असतील तर आताच मिटव, कारण पहिलं त्यालाच विचारतात. मिळालं की पाच वर्षांचं मिळतं, पूर्वी तीनच होती. आणि एक, तुमच्या थोरल्या काकांकडं ती जुनी एकनळी आहे ना? धारकाला सत्तर झाली किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली की त्याला हयातीतच वारसाच्या नावावर देता येते. माझं तसंच झालं. अण्णांनी सत्तरी गाठली त्या वर्षी आम्ही दोघं बेळगावला गेलो. सही करून बाहेर आल्यावर ते कँपातून चालताना रिकामा खांदा सारखा चाचपत होते. तुझ्या बाबतीत काका तयार झाले आणि पुतण्या वारस म्हणून चालला तर नवी घ्यायची गरजच नाही. दिवाळीआधी एकदा विषय काढून बघ, पण काकू नसताना.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
तानाजी

ता. क. तो कानकाडीएवढा ब्रश एअरगनच्या नळीत तंतोतंत बसला. पुतण्या खूश आहे. साइटवर त्यानं पाच चांदण्या दिल्या, मला न विचारता.