आईला गृहीत न धरता केलेला हिशेब

ती. आई-बाबा,
सप्रेम नमस्कार.

बाबा, "आरोग्य विमा आहे, आता कसली काळजी?" असं तुम्ही परवा म्हणालात. ते मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

विमा हवाच. पण तो मुख्यतः आजार बरा करण्याचे पैसे देतो: दाखल होणं, ऑपरेशन, औषधं. अर्धांगवायू किंवा स्मृतिभ्रंश झाला की डॉक्टरांकडून होण्यासारखं बरंचसं लवकर होऊन जातं आणि रोजची कामं वर्षानुवर्षं उरतात. आंघोळ, कपडे, संडासला नेणं, पलंगावरून उठवून बसवणं, लघवी-शौचावरचा ताबा सांभाळणं, भरवणं. १९६३ साली सिडनी कॅट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी याच सहा गोष्टींवरून माणूस किती परावलंबी झाला आहे हे मोजण्याची पद्धत मांडली. ती आजही वापरली जाते. साधा आरोग्य विमा या कामांचा खर्च सहसा उचलत नाही.

ही कामं कोण करणार, यावर खर्च ठरतो. इंजेक्शन, नळी, जखमेचं ड्रेसिंग यासाठी प्रशिक्षित नर्स लागते आणि ती महाग पडते. आंघोळ घालायला, फिरवायला केअरटेकर पुरते. घाबरून चोवीस तासांची नर्स ठेवायची आणि साठवलेले पैसे काही महिन्यांत संपवायचे, असं आपल्याकडून होऊ नये. दिवसापुरतं सांभाळणारी केंद्रं असतात. घरच्यांना विसावा मिळावा म्हणून थोडे दिवस ठेवून घेणाऱ्या जागाही असतात. कायमचं निवासी केंद्र हा त्यापुढचा पर्याय, आणि तो निवडला म्हणजे कुणी कुणाला टाकलं असं मी मानत नाही. फिजिओथेरपीत मात्र काटकसर नको. स्वतःचं स्वतः उठता-बसता येणं टिकलं, तर पुढची मदत कमी लागते.

आता पैशांचं. ऑपरेशनचा खर्च एकदा होतो, सांभाळण्याचा दर महिन्याला होतो आणि तो किती वर्षं चालेल हे कुणालाच माहीत नसतं. म्हणून एका मोठ्या ठेवीपेक्षा दरमहा हातात काय येतं, हे आधी बघायला हवं. दीर्घकालीन काळजीचा, म्हणजे अशा रोजच्या सांभाळण्याचा, वेगळा विमा काही देशांत मिळतो, पण स्वतःहून खासगी कंपनीकडून घ्यायचा तर तो सहसा तब्येत धडधाकट असतानाच घ्यावा लागतो. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये मात्र असा विमा कायद्यानेच सक्तीचा केला. जपानमध्ये चाळिशीपासूनच हप्ता भरावा लागतो. जर्मनीत घरचं माणूस सांभाळत असेल तरी दरमहा रक्कम मिळते आणि ठरावीक अटींवर त्या माणसाच्या पेन्शनमध्येही भर पडते.

हे वाचलं आणि आई, मला तू आठवलीस. आपल्या घरच्या प्रत्येक हिशेबात एक ओळ न लिहिता धरलेली असते: "आई आहेच." आजीचं सगळं तू केलंस तेव्हा त्याचे पैसे कुणी मोजले नाहीत, तुझ्या कंबरेचे झालेले हालही कुणी मोजले नाहीत. बाबांना उद्या आधार लागला तर तुझंही वय झालेलं असेल. अंथरुणावरच्या माणसाला उचलताना तुला काही झालं, तर एकाच्या जागी दोघांची काळजी घ्यावी लागेल. त्यामुळे मदतनीस पहिल्या दिवसापासून ठेवायचा, तू थकल्यावर नव्हे. त्याचे पैसे आत्ताच बाजूला काढूया. दादाशी मी बोलले आहे. कमी पडतील ते आम्ही दोघं दरमहा घालू. बाबा, यात संकोच करू नका.

एवढं करा: ठेवी, पेन्शन, विम्याची कागदपत्रं एका फाइलमध्ये लावा, वारसाची नावं तपासा आणि आईला प्रत्येक खात्यावर सही करता येईल असं करून घ्या. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहा, की घरीच राहायचं आहे की केंद्रात चालेल, आणि शेवटच्या दुखण्यात कुठवर उपचार हवेत. एकमेकांना विचारून लिहू नका. मी रविवारी फोन करते. आई, आधी तुझा कागद वाचून दाखव.

तुमची,
ताई