टीबीचा जंतू लपतो कुठं ते पेशंटला सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २४ मार्चला आपल्या पेपरात क्षयरोग दिनाची बातमी येते, रॅलीचा फोटो असतो, भाषणं असतात आणि खाली एक ओळ असते की औषधं अर्धवट सोडू नका. ओळ बरोबरच आहे, पण का सोडू नयेत ते कुठंच लिहिलेलं नसतं, आणि मला आता खात्रीनं वाटतंय की ते "का" माहीत नसतं म्हणूनच लोक गोळ्या सोडतात. आमच्याच घरात झालं म्हणून लिहितेय.

माझा दादा डिचोलीला राहतो, वय ५४, डायबिटीस बारा वर्षांपासून. गेल्या जूनमध्ये टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या, महिन्याभरात खोकला गेला, संध्याकाळचा ताप गेला, नुसत्या पेजेवर असलेला माणूस परत नीट जेवायला लागला. चवथीला घर भरलेलं, गणपतीच्या वरची फळापानांची माटोळी बांधायला स्वतः वर चढला, आम्हाला सगळ्यांना किती बरं वाटलं, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यानं गोळ्या बंद केल्या. वहिनीलासुद्धा सांगितलं नाही. लघवी लाल होते, मळमळतं, आणि मी बरा झालोय तर कशाला घेऊ, एवढंच त्याचं म्हणणं. जिथं उपचार चालू होते तिथं त्याला "थांबवू नका हां" इतकंच सांगितलेलं, तेही पुढच्या पेशंटला हाक मारता मारता. डिसेंबरात खोकला परत आला, या वेळी रक्तासकट.

तेव्हा मी वाचायला बसले. मी सायन्सची पदवीधर, तरी यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आपण हवेतून टीबीचा जंतू ओढला की तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जातो, तिथं आपल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी पहाऱ्यावरच असतात. त्या त्याला गिळतात. इथपर्यंत सगळं ठीक. गिळलेला जंतू पेशीत एका पिशवीत बंद होतो आणि मग त्या पिशवीला दुसरी पिशवी, लायसोसोम, येऊन मिळते, तिच्यात आम्ल आणि पचवणारे रस असतात, जंतूचा खेळ खलास. पण टीबीचा जंतू ही दुसरी पिशवी जवळ येऊच देत नाही. म्हणजे पोलिसानं चोराला लॉकअपमध्ये टाकावं आणि चोरानं आतून कडी लावून घ्यावी तसं. १९७१ साली लंडनमध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट या दोघांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे बघितलं, मेलेला जंतू असेल तर पिशव्या जोडल्या जातात, जिवंत असेल तर बहुतेक वेळा नाही. पुढं कळलं की त्याच्या अंगावरचा मेणासारखा जाड थर आणि त्यातून सुटणारी द्रव्यं पेशीच्या आतले निरोपच अडवतात. शिवाय पिशवीच्या भिंतीला भोक पाडायची सोय त्याच्याकडं आहे, टीबीसाठीच्या बीसीजी लशीत जो सौम्य जंतू असतो त्याच्याकडं नेमकी तीच नाही म्हणून तो बाळाला टोचता येतो. आतल्या आत तो आपलंच कोलेस्टेरॉल खातो, पेशीतलं लोह ओढून घेतो, आणि सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला जवळजवळ वीस तास. पोट बिघडवणाऱ्या ई. कोलायला वीस मिनिटं पुरतात.

शरीर गप्प बसत नाही. जंतू असलेल्या पेशींभोवती आणखी पेशी येऊन चिकटतात, आपण चिऱ्यांचा गडगा घालतो ना तसा गडगाच होतो, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. बहुतेक लोकांत हा गडगा जन्मभर टिकतो, म्हणून तर जगातल्या साधारण पाव लोकांना या जंतूची लागण होऊन गेलेली असूनही त्यातल्या ५ ते १० टक्क्यांनाच पुढं आजार होतो. पण गडगा ढासळला की आतला भाग नासलेल्या दुधासारखा होतो, फुटतो, आणि खोकल्यातून जंतू बाहेर पडतात.

आता दादाच्या गोळ्यांकडे या. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधं असतात, ती भराभर वाढणारे जंतू मारतात, म्हणून खोकला जातो, वजन वाढतं, माणूस माटोळी बांधायला चढतो. पण भक्षक पेशींच्या पोटात आणि त्या नासलेल्या भागात झोपल्यासारखे पडलेले जंतू तसेच असतात, त्यांच्यासाठी पुढचे चार महिने असतात. हे चित्र काढून मी दादाला दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हे मला जूनमध्येच का नाय सांगितलं कोणी?

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची, आणि मला ती जास्त काळजीची वाटते. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत डायबिटीसचं प्रमाण देशात सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. साखर सतत चढलेली असली की या पहारेकरी पेशी सुस्तावतात, उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की जंतू आल्याची खबर लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे जिथून शरीराची फौज निघते त्या गाठींपर्यंतच उशिरा पोचते, आणि तोवर आत जंतू वाढत राहतो. डायबिटीसवाल्याला टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो तो यामुळंही. वर टीबीच्या त्या चार औषधांतल्या रिफाम्पिसिनमुळं साखरेच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो, दादाची साखर चढली ती आम्ही गोडाच्या माथी मारली. डायबिटीसच्या पेशंटला टीबीबद्दल विचारा आणि टीबीच्या पेशंटची साखर तपासा, असा केंद्राचा आराखडा २०१७ पासून आहे, पण बारा वर्षांत दादाला एकदाही कुणी विचारलं नाही की खोकला किती दिवस आहे.

माझी विनंती साधी आहे. आपल्या पेपरानं हे चित्र एकदा मोठं छापावं, पेशी, पिशवी, आत कडी लावून बसलेला जंतू, आणि आरोग्य खात्यानं ते प्रत्येक आरोग्य केंद्रात, जिथं गोळ्या देतात त्या टेबलाच्या मागं लावावं, मराठीत आणि कोंकणीत. दोन मिनिटांत समजतं. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १००० रुपये मिळतात, तपासणीला ट्रूनॅट मशीन आहे, ते तर आपल्या गोव्यातल्याच कंपनीचं, गोळ्या फुकट आहेत, एवढं सगळं असताना फक्त समजावून सांगायचं राहून जातं हे मनाला लागतं.

दादाच्या थुंकीत रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू निघाला नाही. गोळ्या पहिल्यापासून परत सुरू केल्यात, आता चौथा महिना चालू आहे, आणि रोज रात्री जेवणानंतर वहिनी समोर उभी राहते.

आपली,
एक वाचक, डिचोली