बेचाळीस ओळींचा तक्ता बाजूला ठेवायला लावणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही छापायचे नाही, अशी तंबी आपण अंबाजोगाईची एसटी धरतानाच दिली होती. म्हणून हे पत्र जाहीर असूनही बिननावाचे आहे. दूरसंचार खात्यात आपल्या हाताखाली शिकलेली मंडळी आपल्याला ओळखतीलच.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाने लातूरचे मुख्य कार्यालय आणि सतरा शाखा यांच्या नेटवर्कवर लक्ष ठेवण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, याचा अहवाल पंधरा दिवसांत मागितला होता. नागिओस, झॅबिक्स, कॅक्टाय, लिब्रेएनएमएस, पीआरटीजी आणि ऑपमॅनेजर अशी सहा नावे घेऊन मी बेचाळीस ओळींचा तक्ता तयार केला. प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण किंवा फुली, आणि खाली बेरीज. आपण तो शेवटपर्यंत वाचलात, चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि विचारलेत, "उदगीरची लाइन गेल्या महिन्यात किती वेळा पडली, हे यात कुठे आहे?" ते कुठेच नव्हते. त्या क्षणी मला राग आला होता, हे आज मोकळेपणाने कबूल करतो.

आपल्या सांगण्यावरून अहवालाला मुदतवाढ मागितली आणि दोनशे पानी वही घातली. तक्रार किती वाजता आली, कोणी सांगितले, मूळ बिघाड काय निघाला आणि तो कधी दुरुस्त झाला, एवढ्या चारच गोष्टी तिच्यात लिहायच्या होत्या. महिनाअखेरीस तेवीस नोंदी झाल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या नोंदींचे मूळ वीज, यूपीएस आणि दमलेल्या बॅटऱ्या यांत होते आणि एकोणीस वेळा बिघाडाची पहिली बातमी शाखा व्यवस्थापकांच्या फोनवरूनच आम्हाला कळली होती. तुलना कशाची करायची, हे त्या दिवशी ठरले. व्यवस्थापकांचा फोन येण्याआधी कोणते सॉफ्टवेअर सांगते, आणि बिघाडाच्या मुळावर बोट ठेवते की नुसताच आरडाओरडा करते, एवढेच पाहायचे होते.

मग आपण आमच्या स्टोअर रूममध्ये जुना संगणक, दोन स्विच (एका ठिकाणची उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) आणि एक राउटर (ते ठिकाण बाहेरच्या लाइनला जोडणारी पेटी) मांडून प्रत्येक सॉफ्टवेअरची तीच परीक्षा घेतलीत, म्हणजे सरळ वायर उपटलीत. देवणी आणि जळकोट या आमच्या दोन्ही शाखांची वाहतूक उदगीरवरून येते, म्हणून मांडणीही तशीच केली होती. पहिल्या फेरीत नागिओसने माझ्या मोबाइलवर संदेशांचा पाऊस पाडला. उदगीर बंद, देवणी बंद, जळकोट बंद, शिवाय तिथले स्विच आणि प्रिंटरसुद्धा बंद. मी लगेच त्याच्यासमोर फुली मारायला निघालो, तेव्हा आपण पेन हातातून काढून घेतलेत आणि प्रत्येक उपकरणाचा "पालक" कोण, म्हणजे त्याची लाइन कोणत्या उपकरणावरून येते, हे मी लिहिलेच नसल्याचे दाखवून दिलेत. मजकुराच्या फाइलमध्ये तेवढ्या ओळी भरल्यावर पुन्हा वायर काढली, तर फक्त उदगीर बंद असल्याचे कळले आणि मागच्या शाखा पोहोचण्यापलीकडे, म्हणजे अनरीचेबल, एवढीच नोंद झाली. झॅबिक्समध्ये हेच काम ट्रिगरचे, म्हणजे इशारा कधी द्यायचा या नियमांचे, एकमेकांवरचे अवलंबन नोंदवून होते, आणि तेही ब्राउझरमधूनच. माझ्यानंतर जो कोणी या खुर्चीत बसेल, त्याला कोणते सोपे जाईल, हा प्रश्न तिथून पुढे आला.

दुसरा प्रसंग मी अजून नव्या मुलांना सांगतो. एका सॉफ्टवेअरच्या आलेखात मुख्य सर्व्हरची वायर जिथे जोडली होती त्या स्विचच्या गिगाबिट पोर्टवर रात्रीच्या बॅकअपची वाहतूक इतकी किरकोळ दिसत होती की मी ते सॉफ्टवेअर खोटे ठरवले होते. आपण पावतीच्या पाठीवर हिशेब मांडलात. पोर्टमधून किती बाइट गेले हे स्विच ज्यात मोजतो, तो ३२ बिटांचा मोजणी-आकडा ४,२९,४९,६७,२९६ बाइटला पोहोचला की पुन्हा शून्यावरून सुरू होतो. १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला दहा कोटी बिटांच्या) लाइनवर पूर्ण वेगात त्याला सुमारे पावणेसहा मिनिटे लागतात, पण त्याच्या दहापट वेगाच्या गिगाबिट पोर्टवर, म्हणजे एक जीबीपीएसवर, जेमतेम ३४ सेकंद. आम्ही विचारणा करत होतो दर पाच मिनिटांनी. मधल्या काळात तो आकडा किती गिरक्या घेऊन गेला, हे सॉफ्टवेअरला कळणार कसे? ६४ बिटांचा आकडा त्याच स्विचमध्ये होता, पण मी जोडणी एसएनएमपीच्या (उपकरणांकडून असे आकडे मागवण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) पहिल्या आवृत्तीवर केली होती आणि त्या आवृत्तीत ६४ बिटांचा मोजणी-आकडा वाचताच येत नाही. आवृत्ती बदलली आणि आलेख ताठ उभा राहिला. दोष माझा होता आणि शिक्षा सॉफ्टवेअरला होणार होती.

पैशाचा भाग आपण दहा मिनिटांत उरकलात. पीआरटीजीचा दर सेन्सरवर, म्हणजे मोजायच्या प्रत्येक गोष्टीवर, ऑपमॅनेजरचा उपकरणांवर. अठरा ठिकाणचे चोवीस पोर्टांचे स्विच धरले आणि प्रत्येक पोर्ट मोजायचा म्हटला तर नुसते ४३२ सेन्सर होतात. उपकरणे मोजली तर प्रत्येक ठिकाणी स्विच, राउटर आणि यूपीएस मिळून ५४. दोन्ही सॉफ्टवेअर कामाची आहेत आणि पीआरटीजी तर मी एका दुपारीत उभे केले. आमच्या संस्थेला मात्र तो हिशेब झेपणारा नव्हता. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवरही माझे तास खर्ची पडतात, हे आपण त्याच पावतीवर लिहायला लावलेत, ते बरे झाले, नाहीतर संचालकांना मी अर्धवट आकडा दिला असता.

शेवटी झॅबिक्सचे पारडे एका गोष्टीने जड झाले. शाखेत ठेवलेला त्याचा प्रॉक्सी, म्हणजे मुख्य सर्व्हरच्या वतीने काम करणारा मदतनीस, लाइन तुटलेली असतानाही माहिती गोळा करून साठवतो आणि लाइन आल्यावर मुख्य सर्व्हरकडे पाठवतो. रस्त्याच्या कामात फायबर तुटले की आमच्या शाखा तासन्‌तास एकट्या पडतात. त्या काळात वीज गेली होती की नाही, बॅटरी किती उतरली, हे नंतर तरी दिसायलाच हवे होते. लिब्रेएनएमएस मात्र आपण सोडू दिले नाहीत. शेजारचे स्विच आपणहून शोधून काढण्यात ते इतके तरबेज निघाले की निलंग्याच्या शाखेत कपाटामागे चालू असलेला, आमच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये नसलेला एक स्विच त्याने पहिल्याच दिवशी दाखवला.

सुरक्षेबद्दल आपण २०२० च्या डिसेंबरात उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणाची आठवण दिलीत. तिथे हल्लेखोरांनी ओरायन या देखरेखीच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच शिरकाव केला होता. सगळ्या घराच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याच्यावरच आधी नजर ठेवावी, असे आपण म्हणालात. त्यानंतर मी सगळीकडचा "पब्लिक" हा आयता परवलीचा शब्द काढला, जिथे उपकरण साथ देते तिथे एसएनएमपीची तिसरी आवृत्ती लावली आणि देखरेखीला फक्त वाचण्याचा अधिकार ठेवला.

आपण मानधन घेतले नाहीत आणि एसटीचे भाडेसुद्धा देऊ दिले नाहीत. आपण मला एका सॉफ्टवेअरचे नाव सांगून मोकळे होऊ शकला असता. त्याऐवजी चार रविवार आमच्या स्टोअर रूममध्ये धूळ खाल्लीत, माझ्या चुका माझ्याच हातून दुरुस्त करवून घेतल्यात आणि अहवालावर सही मात्र माझी एकट्याची ठेवलीत. त्याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

वही अजून चालू आहे. परवा रात्री पावणेतीनला औशाच्या यूपीएसचा संदेश आला, सकाळी शाखा उघडण्याआधी मी बॅटरी बदलून आलो, आणि व्यवस्थापकांना काही झाले होते हेच ठाऊक नव्हते. त्या रात्रीचा आलेख छापून वहीत चिकटवला आहे. दिवाळीनंतर लातूरला आलात तर तो पाहायला घ्यावा, ही विनंती. बॅटरी उतरण्याच्या रेघेत मध्येच एक पायरी दिसते, तिचा उलगडा मला अजून झालेला नाही.

आपला कृतज्ञ,
नेटवर्क विभाग, एक पतसंस्था, लातूर