पोरगं सांभाळणाऱ्या बापाला हसू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या खान्देशातली पोरं जर्मनीला गेली, अमेरिकेला गेली, इतक्या लाखाचं पॅकेज मिळालं, अशा बातम्या पेपरात फोटोसकट येतात आणि वाचून खरंच बरं वाटतं. पण तिथे गेल्यावर घरात तान्हं बाळ आलं की ते घर कसं चालतं हे कोणी लिहीत नाही. माझं माहेर यावल तालुक्यातलं, सासर अमळनेरकडचं, आणि आम्ही राहतो जर्मनीत स्टुटगार्टला. सध्या लेकीला घेऊन सुट्टीवर आलेय, आणि आल्यापासून जे कानावर पडतंय त्यामुळे हे पत्र.

माझ्या मिस्टरांनी बाळासाठी कामावरून सुट्टी घेतली, आणि इकडे त्याच्यावर हसू चाललंय. फोनवर एकाने विचारलं, "काय रे भो, नोकरी सुटनी का? पोऱ्या सांभायस का आते?" आणि मागे सगळे हसले. इथे आल्यावर लग्नात, सत्यनारायणाला, जिथे जाऊ तिथे तेच, आणि वरून मला ऐकवतात की नवऱ्याला कामाला लावलं, बायकोच्या ताटाखालचं मांजर केलं. मला ह्याचं फार वाईट वाटतं, कारण हे माणूस नसतं तर मी त्या देशात टिकलेच नसते.

आधी नोकरीचं सांगते. जर्मनीत बाळ झालं की आई आणि बाप दोघांनाही मूल 3 वर्षांचं होईपर्यंत सुट्टीचा हक्क आहे, एल्टर्नझाइट म्हणतात, कंपनीला सात आठवडे आधी कळवायचं, कंपनी नाही म्हणू शकत नाही आणि त्या काळात नोकरीवरून काढूही शकत नाही. पगार बंद असतो पण सरकार एल्टर्नगेल्ड देतं, साधारण पगाराच्या 65 टक्क्यांच्या आसपास, जास्तीत जास्त महिना 1800 युरो, आणि माझ्यासारखी जी आई आधी कमवत नव्हती तिलाही 300 युरो मिळतात. एकट्या आईनेच घेतलं तर हे 12 महिने मिळतं, बापानेही निदान 2 महिने घेतले तर दोघांचे मिळून 14 होतात. म्हणजे बापाने घरी राहावं म्हणून सरकारच पैसे देतं. मग लाजायचं कशाला?

आता घरातलं. तुमच्याकडे बाळंतपण म्हणजे आई असते, सासू असते, शेजारची काकू सकाळी येऊन बाळाला तेल लावून न्हाऊ घालते, बाळंतिणीला शेक-शेगडी, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर हातात मिळते. तिथे दारावरची बेल वाजत नाही. माझी आई आली होती, डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा सगळं बॅगेत भरून, पण व्हिजिटर व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, ती गेली आणि घर एकदम रिकामं झालं. बाळाला धुरी द्यायची तिची फार इच्छा होती पण तिथे घराघरात धुराचा अलार्म कायद्याने सक्तीचा आहे, जरा धूर झाला की तो ठणाणा करतो, म्हणून तेही राहिलं. हिवाळ्यात साडेचारला अंधार, बाहेर बर्फ, भाषा येत नाही, रात्रभर जागरण. भुसावळच्या 45 डिग्रीत वाढलेल्या बाईने अशा अंधारात चार भिंतींत एकटीने बाळ घेऊन बसायचं म्हणजे काय असतं ते बसल्याशिवाय कळत नाही. मी कधी कधी विनाकारण रडायचे. तेव्हा रात्री दोनला उठून लंगोट बदलणारे, मला सकाळी झोपू देणारे आणि गरम गरम मुगाची खिचडी समोर ठेवणारे हेच होते.

तिथे सुईण घरी येते, हेबामे म्हणतात, खर्च सरकारी विमा देतो, बाळ 12 आठवड्यांचं होईपर्यंत. ज्यांची मुलगी तिकडे आहे त्यांनी तिला सांगा की दिवस गेल्याबरोबर हेबामे शोधायला लाग, नंतर मिळत नाही, आणि बाळाचा डॉक्टर पण आधीच बघून ठेव. आमच्या हेबामेने आंघोळ घालायला शिकवली ती ह्यांना, मला टाके होते. पाण्यात थर्मामीटर टाकून 37 डिग्री बघायचं, डावा हात मानेखालून घालून दंड धरायचा, तोंड शेवटी पुसायचं. तेव्हापासून आमच्या लेकीची आंघोळ बापाकडेच आहे. रोजचे व्हिटॅमिन डी चे थेंब पण तेच देतात, तिथे ऊन नाही म्हणून पहिलं वर्षभर द्यावेच लागतात. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, काजळ घालायचं नाही कारण त्यात शिसं असू शकतं, हे डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, तरी "काजळ का नाही घातलं" म्हणून बोलणी फक्त मी खाते.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. जन्माचा दाखला, बाळाचा राहण्याचा परवाना, आणि आपल्या वकिलातीत जन्माची नोंद एक वर्षाच्या आत करायची कारण आम्ही दोघं भारतीय आहोत आणि बाळाचं भारतीय नागरिकत्व त्या नोंदीवर आहे. एल्टर्नगेल्डचा अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त 3 महिन्यांचेच पैसे मिळतात. हे सगळं जर्मनमधून भरायचं, आणि ते ह्यांनी सुट्टीतच केलं.

मग किटा, म्हणजे पाळणाघर. 1 वर्षाच्या मुलाला जागेचा हक्क 2013 पासून कायद्यात आहे पण जागा मिळायला फार वाट बघावी लागते. आणि मिळाली तरी मुलाला सोडून निघून जायचं नाही, आई किंवा बापाने काही आठवडे सोबत बसायचं. माझा जर्मन भाषेचा क्लास चालू होता म्हणून हे बसले. पहिले काही दिवस तासभर त्या वर्गाच्या कोपऱ्यात लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गप्प बसून राहायचे, मग टीचरने सांगितलं की दहा मिनिटं दाराबाहेर जा, लेक आतून रडते आणि हे व्हरांड्यात जॅकेट हातात घेऊन उभे. शेवटी ती टीचरच्या कडेवर शांत झाली त्या दिवशी घरी येऊन हेच रडले. माझा क्लास त्यामुळे पूर्ण झाला, आता मी नोकरीला अर्ज करू शकते.

इथलं बघा. 2017 पासून आईला 26 आठवडे रजा आहे, केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला 15 दिवस आहेत, खासगीत बापाला कायद्याने काहीच नाही. जळगाव, धुळ्याच्या एमआयडीसीतल्या कंपन्यांनी, पतपेढ्यांनी, शिक्षण संस्थांनी स्वतःहून पंधरा दिवस द्यायला काय हरकत आहे? आणि परदेशातलं स्थळ आलं की आपले लोक पगार विचारतात, फ्लॅट आहे का विचारतात, पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना कधी मिळणार विचारतात, तेव्हा मुलाला वरणभात करता येतो का आणि मूल झाल्यावर सुट्टी घेणार का हे पण मुलीच्या बापाने तोंडावर विचारावं. कारण तिथे तिची आई 90 दिवसांनी परत येणार आहे.

माझ्या सासरच्या आणि माहेरच्या सगळ्या मंडळींना पण ह्या पत्रातून विनंती आहे, की फोन आला की बाळाचं फक्त मलाच न विचारता ह्यांनाही विचारा. कोणती लस झाली, दात कोणता येतोय, रात्री किती वेळा उठली, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत असतं आणि कोणी विचारलं तर ते फार आनंदाने सांगतात.

आपली एक वाचक,
स्टुटगार्ट, जर्मनी (सध्या यावल)