भिंत वाकडी आहे, बाबा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांचा आवाज चढला, मग माझाही चढला आणि मुद्दा तसाच राहिला. म्हणून पत्र. कागदावर तरी मधे तोडून बोलता येणार नाही तुम्हाला.

बाबा, शेजारच्या अण्णांचा मुलगा टेप घेऊन आला आणि "भिंत दीड फूट आमच्या हद्दीत आहे" म्हणाला, याचा तुम्हाला राग आला. बोलण्याची पद्धत त्याची चुकलीच. पण तो सांगतोय ते खोटं नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. भिंत बांधली तेव्हा मी दहा वर्षांची होते. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास. त्यानंतर कितीतरी रात्री आपण आणि अण्णांकडचे सगळे कडुनिंबाखाली अंथरुणं टाकून झोपत होतो. मधे नुसती काटेरी तार होती, तीही वाकवून ठेवलेली. दिवाळीनंतर तुम्ही भिंतीचं काम काढलंत. गवंड्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, ती बुंध्याला अडली. झाड काढायचं का, असं त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "झाडाला हात लावायचा नाही, वळसा घे." तो वळसा पलीकडे गेला. अण्णा लुंगी खोचून उभे होते. म्हणाले, "घ्या की सर, दीड फुटानं काय होतंय!" पुढचे आठ दिवस भिंतीला पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून तो वळसा माझ्या अगदी हाताखालचा आहे.

आता तुमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलंय की बारा वर्षं ताबा असला की जागा आपली. बारा वर्षांची मुदत कायद्यात आहे, हे खरं. पण मालकाच्या परवानगीनं वापरलेली जागा त्यात बसत नाही. मालकाचा हक्क उघड नाकारून ताबा ठेवावा लागतो. अण्णा "घ्या की" म्हणाले, तीच परवानगी. आणि समजा कोर्टात टिकलंही, तर अण्णांच्या विरुद्ध शपथेवर तुम्ही काय सांगणार? तुम्हाला ते जमणार नाही. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवलंत.

अण्णांच्या मुलाला वरचा मजला चढवायचाय, म्हणून बाजूला सोडायच्या जागेचा प्रश्न आलाय. उगीच खाज म्हणून नाही तो आला. तेव्हा टेपवर भांडू नका. टेप गवंड्याचीही होती. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, आणि जमलं तर दोघांनी मिळून, फी निम्मी निम्मी. लगतच्यांना नोटीस जातेच, पण एकाच्या अर्जाची नोटीस दुसऱ्याच्या दारात येते तेव्हा तिला वेगळाच वास येतो. मोजणीच्या दिवशी दोघं हजर राहा, खुणा डोळ्यांदेखत पाहा, आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मागून घ्या. पटली नाही तर त्यावर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. तोवर कुणीही एक वीटसुद्धा हलवायची नाही.

मोजणीत दीड फूट त्यांचं निघालं तर दोन वाटा आहेत. भिंत सरळ करायची, किंवा तेवढा तुकडा रीतसर विकत घ्यायचा. ते विकतील तर, आणि त्यांचा मजला त्यानं अडत नसेल तर. त्यासाठी खरेदीखताची नोंदणी लागते, पाचशेच्या स्टॅम्पवर सह्या करून जमीन हलत नाही. पोलिसात जायचं मात्र डोक्यातून काढा. हद्द कुठली हे पोलीस ठरवत नाहीत.

भिंत सरळ केली की झाड कुठल्या बाजूला जाईल, हीच खरी काळजी आहे ना तुम्हाला? मलाही आहे. पण त्यांच्या जागेत गेलं तरी मनात आलं आणि तोडलं असं त्यांना करता येत नाही. शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. खासगी जागेतलं झाडही महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यात 2021 साली पन्नास वर्षांच्या वरच्या झाडांसाठी वेगळी तरतूद झाली. हा कडुनिंब प्लॉट पडायच्या आधीचा आहे, शेताच्या बांधावरचा. तुम्हीच सांगत होतात. तेव्हा वय भरत असणार. पण फांद्यांचं त्यांचं म्हणणं ऐका. पानगळीत त्यांच्या गच्चीवरच्या टाकीत पाला जातो, लिंबोळ्या कुजून पायऱ्या निसरड्या होतात, हे मी स्वतः पाहिलंय. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात टाकी उपसून धुवायची म्हणजे काय, हे आईला विचारा. फांद्या छाटायच्या तरी उद्यान विभागात अर्ज करून घ्या, आणि तो आपणच करा. सावली आपण घेतो ना.

आई, तुझ्याशी वेगळं बोलायचंय. पाडव्याला गुढीसाठी डहाळा तोडलास, तेव्हा अण्णांकडच्या अक्कांना दिला नाहीस असं कळलं. त्यांची उगादी, तेलुगू नववर्ष, त्याच दिवशी. पच्चडीत कडुनिंबाचा मोहोर लागतो, तो त्या दर वर्षी आपल्याच झाडाचा नेतात आणि दुपारी स्टीलच्या वाटीत पच्चडी येते. मला कधीच आवडली नाही, गूळ-चिंचेत ते कडू, पण ती वाटी आली नाही म्हटल्यावर पोटात कसंतरी झालं. भांडण बाबांचं आणि त्या मुलाचं आहे गं. नवरात्रात बतुकम्माला, त्यांच्या फुलांच्या सणाला, बोलावतील तेव्हा तू काय सांगणार, गुडघे दुखतात म्हणून?

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते. शनिवारी अण्णांकडे मी आणि बाबा जाऊ. बाबा, तुम्ही फक्त बसा, सुरुवात मी करते. प्लॉटचं खरेदीखत, उतारा आणि मंजूर लेआउटचा नकाशा काढून ठेवा. हिरव्या कापडी पिशवीत असेल, लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. स्टुलावर चढू नका, आल्यावर मी काढीन हवं तर.

गाडी पोचायला रात्रीचे दहा वाजतात, स्टेशनवर कुणी यायचं नाही. जेवायला थांबू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाकून ठेव, दही असलं तर बघ.

तुमची,
धाकटी